प्रति: शिवसृष्टी, आंबेगाव

वर कुणीतरी लिहिलंय की सिंहगड इतका जवळ असताना शिवसृष्टीसारख्या शिवचरित्रावरच्या थीम पार्कमध्ये तिकीट काढून बंद खोल्यांत इतिहास कशाला पाहायचा? मीही हाच प्रश्न मनात घेऊन गेलो होतो. आईचा आग्रह, म्हणून गेलो. थीम पार्क म्हटलं की फायबरचे पुतळे आणि भडक दिवे एवढंच डोळ्यांसमोर येतं.

प्रत्यक्षात मी रमलो, आणि सगळ्यात जास्त आग्र्याच्या प्रसंगात. 12 मे 1666 ला दरबार, 17 ऑगस्टला सुटका. मधले तीन महिने आपण शाळेत एका वाक्यात संपवतो. इथे अंधारात बसल्यावर ती कोंडी अंगावर येते. शेवट पाठ असूनही मी श्वास रोखून बसलो होतो!

शस्त्रांपाशीही वेळ द्या. दांडपट्ट्याचं पातं मनगटाबरोबर वळत नाही, मूठ कोपरापर्यंत हात झाकते, म्हणजे सगळा वार खांद्यातून आणि कमरेतून. हे जवळून पाहिल्यावर नीट कळतं.

गडाची सर कशालाच नाही, हे मान्य. पण आईचे गुडघे राजगड चढू देत नाहीत. पडद्यावर तटबंदी उभी राहिली तेव्हा ती मला पद्मावती माची दाखवत होती, लग्नाआधी तिथे मुक्काम केल्याचं सांगत होती. हे मला पहिल्यांदाच कळलं.

ज्यांनी शिवसृष्टीचं स्वप्न पाहिलं ते शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे 2021 मध्ये गेले आणि तिचा पहिला टप्पा, सरकारवाडा, 2023 च्या शिवजयंतीला खुला झाला, याची हुरहूर मात्र वाटते. शक्यतो रविवार टाळा. म्हणजे प्रत्येक दालनात निवांत थांबता येतं.