मदत हवी आहे: ओ रक्तगटातच नॉन-सिक्रेटर इतके जास्त कसे?

प्रयोगवही
नमस्कार मंडळी. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रोजेक्टचा विषय: निरोगी माणसांचा एबीओ रक्तगट आणि सिक्रेटर (म्हणजे ज्यांच्या लाळेतही रक्तगटाचे प्रतिजन, गट ठरवणारे रेणू, उतरतात ते) असणं-नसणं यांचा संबंध. वर्गातल्या आणि हॉस्टेलवरच्या मुलामुलींना गळ घालून लाळेचे नमुने गोळा केले (चेष्टा काय झाली असेल, कल्पना करा). ए, बी, एबी गटांत नॉन-सिक्रेटर पुस्तकात असतात तितकेच, साधारण पाचात एक. ओ गटात मात्र दुपटीहून जास्त! काय-स्क्वेअर (संबंध तपासायची संख्याशास्त्रीय चाचणी) लक्षणीय आलाय. सर खूश आहेत, संबंध सापडला म्हणतात. मला मात्र ते पटत नाहीये.

एबीओचं जनुक ९ व्या गुणसूत्रावर. लाळेत प्रतिजन उतरणार की नाही हे ठरवणारं एफयूटी२ जनुक १९ व्या गुणसूत्रावर. दोन्ही वारशात वेगवेगळी येतात, मग ओ गटालाच काय झालं?

पद्धत अशी: लाळ उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवली, नाहीतर त्यातली विकरं प्रतिजन मोडून टाकतात. मग सेंट्रिफ्यूज करून वरचा निवळ भाग घेतला, त्यात अँटीसीरम (प्रतिजनाला चिकटून पेशींच्या गुठळ्या करणारं द्रव्य) घातलं, थोडं थांबून तांबड्या पेशी. गुठळ्या झाल्या नाहीत तर सिक्रेटर. ए साठी अँटी-ए, बी साठी अँटी-बी, ओ साठी युलेक्स या वनस्पतीचं अँटी-एच लेक्टिन (ओ गटाच्या एच प्रतिजनाला चिकटणारं प्रथिन). दोन्ही अँटीसीरम टायटर काढून (म्हणजे ताकद मोजून) पातळ केले होते. लेक्टिन दुसऱ्या विभागातून मागून आणलेलं, ते बाटलीतून तसंच वापरलं.

मैत्रीण म्हणते, यातले काही बॉम्बे गटाचे (एच प्रतिजनच नसलेले, पण साध्या चाचणीत ओ वाटणारे) असतील. शक्य आहे का?

सीरमवाला
बॉम्बे गट डोक्यातून काढा. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो मुंबईत पहिल्यांदा नोंदवला, आणि मुंबईतसुद्धा तो दहा हजारांत एखाद्याचा असतो. तुमच्या हॉस्टेलवर त्यांचं संमेलन भरलेलं नसणार. तरी शंका असेल तर त्या मुलांच्या तांबड्या पेशींवर लेक्टिन टाका: ओ पेशींच्या ठसठशीत गुठळ्या होतील, बॉम्बेच्या होणार नाहीत.

उत्तर तुमच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदातच आहे. या चाचणीत लाळेतल्या प्रतिजनाने अभिकर्मकाला अडवायचं असतं. लेक्टिन कडक असेल तर लाळेतला एच त्याला पुरा पडत नाही. उरलेलं लेक्टिन पेशींच्या गुठळ्या करतं आणि चांगला सिक्रेटर तुमच्या वहीत नॉन-सिक्रेटर म्हणून जातो. लेक्टिन फक्त ओ गटाला वापरलंय, म्हणून फुगवटाही फक्त तिथेच. लेक्टिनचं दुपटी-दुपटीने विरलन करा, २+ (मध्यम) गुठळ्या देणारं शेवटचं विरलन घ्या आणि ओ चे सगळे नमुने पुन्हा लावा. सोबत माहीत असलेल्या सिक्रेटरची, नॉन-सिक्रेटरची लाळ आणि नुसतं सलाइन, हे तिन्ही कंट्रोल प्रत्येक वेळी.

प्रयोगवही
धन्यवाद! पण माहीत असलेला ओ सिक्रेटर आणायचा कुठून? ठरवायची चाचणीच तर बिघडलीय.

लुईसताई
लुईस गट (एबीओहून वेगळा रक्तगट, प्रतिजन एलई-ए आणि एलई-बी) करा, तो रक्तावर होतो. एलई(ए−बी+) आला तर सिक्रेटर, एलई(ए+बी−) आला तर नॉन-सिक्रेटर. एलई(ए−बी−) आला तर त्यावरून काही ठरत नाही, ती मुलं कंट्रोलला घेऊ नका. अँटीसीरा महाग पडतात, तेव्हा सगळ्यांना टोचत बसू नका. ओ मधले जे नॉन-सिक्रेटर निघालेत, आधी तेवढेच तपासा. त्यांच्यात एलई(ए−बी+) सापडले की लेक्टिनचा गोंधळ उघड, आणि कंट्रोलही हाती.

शिवाय एक सांगते. संबंध नाही असं निघालं तरी प्रोजेक्ट वाया जात नाही, सरांना तसं आत्ताच बोलून ठेवा.

प्रयोगवही
लेक्टिनचं विरलन उद्या लावते. लुईसच्या अँटीसीराबद्दल रक्तपेढीत विचारून बघते. आकडे आले की इथेच टाकेन.