प्रिव्हिलेजला आपला शब्द कोणता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. चोपड्याकडच्या एका गावात दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. काल एकाने विचारलं, "सर, प्रिव्हिलेज म्हणजे काय?" मूळ लॅटिन, अर्थ साधारण 'एकट्यापुरता कायदा', एवढं सांगितलं आणि अडलो. आमदारांचा तो विशेषाधिकार (राज्यघटनेचं कलम १९४), मोडला की हक्कभंग. नोकरदाराची पीएल (प्रिव्हिलेज लीव्ह), ती हक्काची रजा. पोळ्याला मानकऱ्याची बैलजोडी वेशीतून आधी जाते, तो मान! पण ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी, घरात पुस्तकं, त्याला जन्मतःच न मागता जे मिळालं, त्याला काय म्हणायचं? 'सवलत' पटत नाही, ती कुणीतरी देतं. अहिराणीत नेमका शब्द आहे का? सोमवारी पोरगं परत विचारणार, सोडायचं नाही ते.