घरी पाहिलेल्या चित्रपटावर मत देण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे?

राजारामपुरीकर (धागाकर्ता)

मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. दुकान बंद करून घरी आल्यावर, जेवणे आटोपली की जे समोर येईल ते पाहणारा साधा प्रेक्षक आहे. गेल्या महिन्यात घरी तीन मराठी चित्रपट पाहिले आणि त्यांवर मत देताना माझीच फजिती झाली, म्हणून हा धागा.

पहिला चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. त्यात शेवटाजवळ न्यायालय सुट्टीसाठी बंद होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. चित्रपट संपला असे समजून मुलाने टीव्ही बंद केला आणि 'शेवट जरा तोकडाच वाटला' असा शेरा मारून मीही झोपायला गेलो. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाकडून कळले की, त्या काळोखानंतर न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी घेणाऱ्या त्यांना मुले ओरडून दचकवतात आणि ते त्यांतल्या एकाला थप्पड मारतात. म्हणजे ज्या शेवटाला मी नावे ठेवली, तो मी पाहिलेलाच नव्हता.

दुसरा त्याच दिग्दर्शकाचा 'द डिसायपल'. शास्त्रीय गायनाची साधना करणारा शरद रात्री मोकळ्या रस्त्यावरून संथपणे मोटारसायकल चालवतो आणि त्याच्या कानांत त्याच्या गुरूंच्या गुरू असलेल्या माईंच्या ध्वनिमुद्रित व्याख्यानाचा आवाज चालू असतो, असे प्रसंग त्यात पुन्हा पुन्हा येतात. प्रामाणिकपणे सांगतो, तिसऱ्यांदा मोटारसायकल दिसल्यावर मी वेग दीडपट केला. चित्रपट मला रटाळ वाटला.

तिसरा आपल्या कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा १९३७ सालचा 'कुंकू'. त्यात पार्श्वसंगीत नाही, केवळ प्रसंगातलेच आवाज आहेत. सौभाग्यवतींनी दोनदा विचारले, "आवाज गेला का हो?" आणि मी दोन्ही वेळा उठून मागची वायर हलवून पाहिली. तरीही शांता आपटे यांनी रंगवलेल्या नीरेने आम्हाला शेवटपर्यंत जागचे हलू दिले नाही.

यावरून माझे मत असे झाले आहे की, संथ चित्रपट घरी पाहू नये आणि पाहिलाच, तर त्यावर चारचौघांत बोलू नये.

मंगळवार पेठ

आपल्या प्रांजळपणाबद्दल आदर आहे. निष्कर्ष मात्र मुळीच मान्य नाही. 'द डिसायपल' आपल्याकडे बहुतेकांनी पाहिला तो ३० एप्रिल २०२१ पासून नेटफ्लिक्सवरच, आणि तो काळ करोनाच्या दुसऱ्या लाटेचा होता. घर हेच ज्या चित्रपटाचे थिएटर ठरले, तो घरी पाहू नये म्हणणे म्हणजे तो पाहूच नये म्हणण्यासारखे आहे.

दोष घराचा नसून त्या दीडपट वेगाचा आहे. त्या प्रसंगांत माईंच्या बोलण्याइतकाच तंबोराही महत्त्वाचा आहे. दीडपट वेगाने तंबोरा ऐकणाऱ्या माणसाने संगीतावरच्या चित्रपटाला रटाळ म्हणावे, हे म्हणजे पांढरा रस्सा उभ्याउभ्या एका घोटात संपवून 'चव लागली नाही' अशी तक्रार करण्यासारखे झाले.

जाता जाता एक दुरुस्ती. प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली हे खरे, पण १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. त्यामुळे 'कुंकू' हा पुण्याच्या स्टुडिओतला चित्रपट आहे. अभिमान असावा, पण सालाचे भान ठेवून.

ताराबाई पार्क

थिएटरमध्ये सगळे एकाग्र होऊन चित्रपट पाहतात, हा समज नेमका कुठून येतो? मी पाहिलेल्या अनेक खेळांत शेवटचा प्रसंग चालू असतानाच दरवाजे उघडले गेले, उजेड आत आला आणि पार्किंगमधून गाडी आधी बाहेर काढण्यासाठी निम्मी रांग पायांवर पाय देत निघून गेली. 'कोर्ट'मधल्या त्या काळोखात तिथेही कितीतरी जण उठलेच असते. फरक इतकाच की, धागाकर्त्यांना दुसऱ्या दिवशी तो भाग पुन्हा लावून पाहता आला असता आणि त्यांनी तो पाहिला की नाही, हे त्यांनी लिहिलेलेच नाही.

दुसरे असे की, 'कोर्ट'मधली सरकारी वकील दिवसभर युक्तिवाद करून लोकलने घरी येते आणि स्वयंपाकाला लागते, तो प्रसंग मी कणीक मळता मळता पाहिला. माझे हात पिठात होते, तिचेही काम चालूच होते आणि कॅमेरा घाई न करता तिच्याकडे पाहत होता. तो प्रसंग मला जितका माझ्या स्वयंपाकघरात पोहोचला, तितका वातानुकूलित खुर्चीत बसून पोहोचला असता असे वाटत नाही. माझ्या सासूबाईंचे गुडघे थिएटरच्या पायऱ्या चढू देत नाहीत. त्यांनी मत देऊ नये का?

खासबाग

मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. ताराबाई पार्क यांचा अनुभव बोलका आहे, परंतु तो एका प्रसंगापुरता आहे. पडदा काळा होतो तेव्हा थिएटरमध्ये सभोवतीही काळोखच असतो, म्हणून पुढे काय, या प्रतीक्षेत माणूस बसून राहतो. घरी त्याच वेळी टीव्हीच्या काचेत ट्यूबलाइट आणि वाळत घातलेले कपडे दिसू लागतात. दिग्दर्शकाने त्या काळोखाचा हिशेब मांडताना माझ्या दोरीवरचे टॉवेल धरले नसावेत. 'कुंकू'ची गोष्टही तीच. शांततेवर बेतलेला ध्वनी आपण कुकरच्या शिट्ट्यांत ऐकतो आणि वायर हलवतो.

राजारामपुरीकर

ताराबाई पार्क यांचा टोला बरोबर बसला. मी तो शेवट पुन्हा लावून पाहिला नव्हता, परवा पाहिला. थप्पड बसल्यावर मूल रडते आणि न्यायाधीश पुन्हा डोळे मिटतात. दिवसभर इतरांचे भवितव्य ठरवणाऱ्या माणसाबद्दल त्या प्रसंगाने जे सांगितले, ते आधीच्या लांबलचक सुनावण्यांनीही मला सांगितले नव्हते. घरी पाहू नये, हे माझे विधान मागे घेतो.

मंगळवार पेठ यांच्या आग्रहाखातर मुलाचे हेडफोन मागून 'द डिसायपल'ही मूळ वेगाने, एकही प्रसंग न ओलांडता पाहिला. मोटारसायकलचे प्रसंग या वेळी खरोखर धरून ठेवतात. माई इतक्या कठोर बोलत असताना रस्ता इतका शांत का आहे, हे कळते. उत्तरार्ध मात्र मला अजूनही लांबलेला वाटतो, आणि हे मत मी पूर्ण चित्रपट पाहून देत आहे.