ॲल्युमिनियम टर्निंगचा बुरा वितळवताना मेटल फार जळतंय, काय करावं?

भोसरीकर:
नमस्कार मंडळी, भोसरीला आमचं छोटं युनिट आहे, ऑइलवरची क्रूसिबल (धातू वितळवायचं भांडं) भट्टी, एडीसी १२ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे इंगट (लाद्या) करतो. सीएनसी मशीनचा बुरा (कातताना निघालेला धातूचा कीस) येतो तो कूलंटने (मशीन थंड ठेवायच्या द्रवाने) ओलाच असतो, वरून टाकला की भपकन पेटतो, धूर होतो आणि वर नुसता ड्रॉस (ऑक्साइडची मळी) साचतो. टाकलेलं वजन आणि निघालेलं वजन बघितलं की जीव तुटतो. बर्नर बदलू का?

भट्टीवाला:
दादा, बर्नरने तेल वाचेल, मेटल नाही वाचणार. बुऱ्याला वजनाच्या मानाने पृष्ठभाग केवढा असतो, हवेत तापला की वितळायच्या आधीच ऑक्साइड होतो. म्हणून तो मेटलच्या पोटात गेला पाहिजे. क्रूसिबल पूर्ण रिकामं करू नका, तळात चांगलं मेटल राहू द्या, बुरा थोडा थोडा टाकायचा आणि लगेच खाली दाबायचा. मोठ्या कारखान्यांत पंपाने भोवरा करतात, बुरा त्यात ओढला जातो, तत्त्व तेच. पण आधी सेंट्रिफ्यूजमधून (गरगर फिरवून ओल काढणारं यंत्र) काढून पूर्ण वाळवा, ओला माल मेटलखाली गेला तर वाफेने स्फोट होतो, यात अजिबात तडजोड नको.

मेल्टर_कोल्हापूर:
वरच्याशी सहमत. टेंपरेचर किती ठेवता? ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, ७५० च्या वर नेलं की ऑक्सिडेशन भराभर वाढतं, मी ७२०-७३० च्या वर जाऊ देत नाही. फ्लक्स (मेटलवर टाकायचं क्षारांचं मिश्रण) सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड साधारण निम्मं निम्मं, त्यात थोडं क्रायोलाइट (फ्लोराइडचा क्षार), त्याने ऑक्साइडची साल फुटते आणि अडकलेले थेंब एकत्र येतात. आणि दाबायचा झारा लोखंडी असेल तर कोटिंग मारा, नाहीतर मेटलमध्ये लोह चढतं, एडीसी १२ ला लोहाची १.३ टक्क्याची मर्यादा आहे.

भोसरीकर:
झाऱ्याला कोटिंग नाहीये, आजच मारतो. आणि काढलेल्या ड्रॉसचं काय? आम्ही बाहेर पसरून ठेवतो.

भट्टीवाला:
पसरू नका, गरम असतानाच जाड लोखंडी पॅनमध्ये दाबा, मेटल खाली निथळतं. ड्रॉस पांढरा झगझगीत दिसला तर आतलं मेटल जळतंय समजा, लगेच थंड करायला हवा. पण पाणी मारायचं नाही आणि पावसात तर ठेवायचाच नाही, अमोनिया सुटतो, पोरांचे डोळे चुरचुरतात.