उत्तेजकबंदी भोगलेल्या विजेत्याने प्रशिक्षक व्हावे का? (हालिल मुतलूच्या निमित्ताने)

धागाकर्ता:
अटलांटा १९९६, सिडनी २००० आणि अथेन्स २००४ अशा सलग तीन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा तुर्कस्तानचा भारोत्तोलक हालिल मुतलू २००५ साली नॅन्ड्रोलोन या उत्तेजकाच्या चाचणीत दोषी ठरला आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. असा डाग लागलेल्या खेळाडूने पुढे मुलांना शिकवावे का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्धपणे ‘होय’ असे आहे.

२००१ मध्ये ५६ किलो वजनगटात त्याने क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यांवर आणि मग डोक्यावर, अशा दोन टप्प्यांत वजन उचलण्याच्या प्रकारात) १६८ किलो, म्हणजे गटमर्यादेच्या बरोबर तिप्पट वजन डोक्यावर पेलले. सिडनीतील त्याचा दोन्ही प्रकार मिळून एकूण ३०५ किलोंचा विक्रम २०१६ पर्यंत, रिओत चीनच्या लाँग छिंगछ्वानने ३०७ किलो उचलेपर्यंत, अबाधित होता. जेमतेम दीड मीटर उंचीच्या माणसाला हे निव्वळ ताकदीवर साधत नाही. बार वर चढत असतानाच आपण त्याच्याखाली नेमके कधी आणि किती वेगाने शिरायचे, ही जाण शरीरात मुरावी लागते आणि ती दुसऱ्याच्या शरीरात उतरवण्यासाठी ती स्वतः अनुभवलेला माणूसच जवळ उभा असावा लागतो. शिवाय बल्गेरियाच्या राजवटीने तेथील तुर्कांची नावे सक्तीने बदलली आणि १९८९ मध्ये तीन लाखांहून अधिक लोक सीमा ओलांडून तुर्कस्तानात आले, त्या लोंढ्यात आलेला हा मुलगा आहे. घर सोडून प्रशिक्षण केंद्रात राहणाऱ्या पोराची अवस्था त्याला सांगावी लागणार नाही.

प्रतिसाद १:
मुतलूच्या कौशल्याबद्दल माझे दुमत नाही, परंतु आपला युक्तिवाद तंत्रापाशीच थांबतो. बीजिंग आणि लंडन ऑलिम्पिकमधील जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासल्यावर ज्या नऊ देशांच्या भारोत्तोलकांना २०१७ मध्ये वर्षभरासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर ठेवण्यात आले, त्यांत तुर्कस्तान होता. तेव्हा हा एका माणसाच्या चुकीचा प्रश्न राहत नाही, एका पिढीने दुसऱ्या पिढीला काय दिले याचा होतो. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा प्रशिक्षकाने हातावर ठेवलेल्या गोळीचे नाव विचारत नाही, आणि तीन सुवर्णपदके मिळवलेल्या माणसाला तर तो मुळीच विचारणार नाही. आपण ज्या अनुभवाला गुण म्हणता, त्यातून येणारा दरारा मला सर्वांत धोकादायक वाटतो.

प्रतिसाद २:
पदकांची संख्या आणि शिकवण्याची पात्रता यांची सांगड घालणेच मला मान्य नाही. बल्गेरियाचा इव्हान आबाजिएव्ह भारोत्तोलक म्हणून स्वतः १९५७ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदकापर्यंत पोहोचला, पण प्रशिक्षक म्हणून त्याने बल्गेरियाला सोव्हिएत संघाच्या तोडीस तोड उभे केले. १९८६ मध्ये मेलबर्नहून तुर्कस्तानच्या आश्रयाला गेलेला भारोत्तोलक नईम सुलेमानोग्लू त्याच संघातला होता.

प्रतिसाद १:
आबाजिएव्हचे उदाहरण माझ्याच बाजूने बोलते. १९८८ मध्ये सोल ऑलिम्पिकमध्ये त्याच्या संघातील दोन सुवर्णविजेत्यांची पदके उत्तेजकामुळे काढून घेतली गेली आणि संपूर्ण संघ स्पर्धा अर्धवट सोडून मायदेशी परतला. दिवसातून अनेकदा कमाल क्षमतेच्या जवळचे वजन उचलायला लावणारी पद्धत शरीराला सावरायला उसंत देत नाही, आणि ती उसंत उत्तेजकांच्या रूपाने बाहेरून विकत घेण्याचा मोह तिथूनच सुरू होतो. प्रशिक्षकाची निवड करताना तो रोज किती सराव करून घेणार आणि विश्रांती किती देणार, हे आधी विचारले पाहिजे.

धागाकर्ता:
सरावाच्या पद्धतीविषयीचे आपले म्हणणे मला पटले. माझ्या लेखनात तो विचार आला नव्हता. तरीही कायमच्या बहिष्काराला माझा विरोध आहे. बंदी चालू असलेल्या प्रशिक्षकाकडे खेळाडूने शिकू नये, असा स्पष्ट नियम २०१५ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत आहे, पण मुदत संपल्यावर तीच संहिता परतीचा मार्ग मोकळा ठेवते. शिक्षा भोगून झालेल्या माणसाला जन्मभर दाराबाहेर उभे करायचे असेल, तर शिक्षेची मुदत ठरवायचीच कशाला?

प्रतिसाद १:
मुदत संपते ती स्पर्धेत उतरण्यापुरती. दुसऱ्याचे मूल हाताखाली घेण्यासाठी मला आणखी दोन गोष्टी हव्यात: पहिल्याच दिवशी पालकांसमोर त्याने आपल्या बंदीविषयी स्वतःच्या तोंडाने सांगावे, आणि मुलांच्या पोटात जाणारे प्रत्येक औषध व पूरक आहार संघाबाहेरच्या डॉक्टरच्या हातात असावा. एवढे मान्य असेल, तर मुतलूकडे शिकायला जाणाऱ्या मुलाला मी अडवणार नाही.