लक्ष्याचं ते दुसरं रूप

लक्ष्या, म्हणजे आपला नट लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे नुसता आरडाओरडा आणि वेडेवाकडे चेहरे असं कोणी कोणी म्हणतं, तर मला ते अजिबात पटत नाही बुवा. 'एक होता विदूषक' बघितलाय का? १९९२ चा, जब्बार पटेलांचा, पटकथा-संवाद पुलंचे. तमाशातला सोंगाड्या पुढे मोठा स्टार होतो आणि आतून रिकामा होत जातो, हे लक्ष्याने जे दाखवलंय ना, ते बघून मी तरी गप्पच झालो होतो. पण लोकांना त्याच्याकडून हसायचंच होतं, त्यामुळे तो सिनेमा काही चालला नाही आणि असा रोल त्याला परत फारसा मिळालाच नाही, ही खंत आहेच.

आणि कॉमेडी सोपी असते असं कोणी सांगितलं? 'झपाटलेला' सिनेमात समोर रामदास पाध्यांचा बाहुला तात्या विंचू, म्हणजे लाकडी ठोकळाच म्हणा की, आणि हा त्याच्याकडे बघून खरोखरचा घाबरतो, म्हणून तर आपल्यालाही त्या बाहुल्याची भीती वाटायची (मला तर अजून वाटते, हसू नका). 'अशी ही बनवाबनवी'तली पार्वती, म्हणजे बाईचं सोंग घेतलेला परशा, तर सोडूनच द्या, पदर सावरताना मधेच आतला परशा डोकावतो ते टायमिंग शिकवून येत नाही, ते नाटकात घासून घासून आलेलं, 'टूरटूर' या नाटकापासूनचं.

हिंदीवाल्यांनी मात्र बहुतेक वेळा नोकराचेच रोल दिले.

डिसेंबर २००४ ला गेला, जेमतेम पन्नाशीत. टीव्हीवर बनवाबनवी लागला की रिमोट आपोआप खाली ठेवला जातो अजून.