दिल्ली गणेश: तुमच्या आठवणी लिहा

९ नोव्हेंबर २०२४ ला चेन्नईत तमिळ चित्रपटांतले चरित्र अभिनेते दिल्ली गणेश गेले, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. चारशेच्या वर चित्रपट, त्यातले बहुतेक बापाचे, मामाचे, स्वयंपाक्याचे, कारकुनाचे. नायकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. या माणसाची भूमिका तुमच्या मनात कुठे, कशी राहिली, ते इथे लिहा. तमिळ येत नसलं तरी चालेल, मलाही मोडकंतोडकंच येतं.

माटुंगेकर
'नायकन' (१९८७) मी किंग्ज सर्कलच्या अरोरात पाहिला. आमच्या चाळीत निम्मी बिऱ्हाडं तमिळ, शेजारचे मामा मला कानात अर्थ सांगत होते. कमल हासनच्या वेलूला हिंदी येत नाही, तेव्हा मुंबईच्या बड्या धेंडांसमोर त्याचं बोलणं हिंदीत सांगतो तो अय्यर, म्हणजे दिल्ली गणेश. भीती पोटात आणि वेलूची जरब तोंडात, दोन्ही एकाच वेळी दिसतं. धारावी-माटुंग्यात असे अय्यर मी पाहिलेत: कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाला पोलीस ठाण्यात सोबत कर. मामा त्या प्रसंगात मला अर्थ सांगायचं विसरले, आणि मलाही गरज वाटली नाही.

ठेका
मी तबला शिकवतो, त्यामुळे माझं उत्तर 'सिंधू भैरवी' (१९८५). दिल्ली गणेश त्यात मृदंगवादक गुरुमूर्ती. मैफलीला पिऊन येतो म्हणून गायक त्याला उठवून लावतो आणि मृदंगाशिवाय गातो. पुढे तोच गायक दारूत बुडतो. साथीदाराचं आयुष्य मुख्य कलाकाराच्या मर्जीवर कसं चालतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. अपमान झाल्यावर तो ओरडत नाही, लाजतो. आपलं चुकलंय हे त्याला कळलेलं असतं. ही लाज दाखवायला फार मोठा नट लागतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो प्रसंग मुद्दाम दाखवतो.

निवृत्त वायुसैनिक, नाशिक
ते आमचे. १९६४ ते १९७४ भारतीय वायुसेनेत होते, हे फार जणांना ठाऊक नसतं. तिरुनेलवेलीकडच्या वल्लनाडूचा हा मुलगा दिल्लीत दक्षिण भारत नाटक सभेच्या नाटकांत काम करायचा. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी 'पट्टिण प्रवेशम्' मधून पडद्यावर आणलं आणि नावाआधी 'दिल्ली' लावलं. चेन्नईजवळच्या तांबरमच्या वायुसेना तळावर माझी बदली होती तेव्हा तिथले तमिळ सहकारी त्यांचं नाव घरच्या माणसासारखं घ्यायचे. अंत्यदर्शनाला वायुसेनेने मानवंदना दिली, ते टीव्हीवर पाहून उभा राहिलो.

पडदावेडी
'चाची ४२०' मधला ओम पुरींचा बनवारीलाल आठवतोय? मूळ 'अव्वै शण्मुगी' (१९९६) मध्ये ती जागा दिल्ली गणेश यांची, सेतुराम अय्यर. दोन्ही पाठोपाठ पहा.

चेन्नईची सून
सासरी सगळ्यांना पाठ असलेला चित्रपट म्हणजे 'मायकल मदन काम राजन' (१९९०). त्यात ते पालक्काड मणी अय्यर, आचारी, कामेश्वरनचा (कमल हासन) सांभाळ करणारे वडील. ब्राह्मणी लग्नाच्या सांबारात मासा पडतो, तो गोंधळ सासूबाई डोळे पुसत हसत पाहायच्या. मला तेव्हा पालक्काडच्या तमिळचा हेल वेगळा ओळखूही यायचा नाही. सासूबाईंनी एकेक वाक्य थांबवून समजावलं आणि आमच्या दोघींचं खरं बोलणं तिथून सुरू झालं. लग्नाला वर्ष होत आलं होतं, तोवर फक्त "जेवलीस का" एवढंच चालायचं. त्यामुळे ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी आधी सासूबाईंना फोन केला.

जुना प्रेक्षक
सगळे विनोदावर बोलताहेत, म्हणून 'पसी' (१९७९) ची आठवण करून देतो. पसी म्हणजे भूक. चेन्नईच्या झोपडपट्टीतला सायकलरिक्षावाला बाप दिल्ली गणेश, आणि त्याच्या कचरा वेचणाऱ्या मुलीच्या भूमिकेत अभिनेत्री शोभा. शोभाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. दिल्ली गणेश यांना तमिळनाडू सरकारचा विशेष पुरस्कार मिळाला, पुढे १९९४ मध्ये कलैमामणी हा त्याच राज्याचा कलावंतांसाठीचा सन्मान. माझ्या मते 'पसी' मधल्या बापाला त्या वर्षी देशपातळीवर काही मिळायला हवं होतं. ज्यांनी फक्त मणी अय्यर पाहिलाय त्यांनी हा मुनियांडी पाहावा, आणि मग इथे येऊन भांडावं माझ्याशी.